चिंचेकडे ठेवलेली सावली

चिंचेच्या झाडाला ताप उतरवता येतो. मोबदला म्हणून ते ज्याला वजन नाही असं काहीतरी मागतं.

*

मेडनहेडच्या हॉलच्या अटी: ढोल नाही. अक्षता गालिच्यावर पडल्या तर झाडून द्यायच्या. होम करायचाच असेल तर ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये, खाली ओली वाळू घालून, फायर अलार्मच्या माणसाला आधी सांगून.

*

हौसा भाषेत गोष्ट सांगणारी बाई सुरुवातीला म्हणते, ‘गा ता, गा ता नान.’ ही आली, ही बघा आली. ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, ‘ता झो मू जी ता.’ येऊ दे, ऐकू या. कुणी तसं म्हटलंच नाही तर गोष्ट आत येत नाही. दारातच उभी राहते.

*

‘हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच का गं?’ विष्णूकाका, रीडिंग, दर दिवाळीच्या फराळाला.

*

तळटीप, प्रकरण चौथे: या ठिकाणी सांगणारी थांबत असे आणि दाराकडे पाहत असे.

*

आषाढ-श्रावणात लग्नाचे मुहूर्त नसतात. इंग्लंडातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी नेमकी तेव्हाच लागते.

*

आता नीट सांगायला हवं.

डॉक्टर पद्माकर आणि डॉक्टर अलका यांची उल्का ही एकुलती एक मुलगी. जन्म कानोचा. कानो म्हणजे नायजेरियाच्या उत्तरेचं जुनं शहर, लाल मातीच्या भिंतींचं, हौसा बोलणाऱ्या लोकांचं. तेलाच्या पैशावर तिथं इस्पितळं उभी राहत होती आणि डॉक्टर भारतातून मागवले जात होते. पुढं तेल उतरलं, पगार लांबायला लागले, आणि शहाऐंशी साली सगळं घर लीड्सला आलं. उल्का तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं सोबत आणल्या दोनच चीजा. एक हौसा भाषा आणि दुसरी लाराबा.

लाराबा म्हणजे तिला सांभाळणारी बाई; ती अंगानं आली नव्हती. ती राहिली कानोत. पण आईवडील दोघंही दिवसभर वॉर्डात, त्यामुळे उल्का वाढली ती लाराबाच्या मांडीवर, आणि लाराबानं सांगितलेल्या गोष्टी तिनं लीड्सच्या पावसात अशा जपल्या, जशी दुसरी मुलं दुधाचे दात जपतात. शाळेत तिला कुणी विचारलं की तू कुठली, तर ती पुणे-सातारा काही म्हणायची नाही. कानो म्हणायची. घरी आई पोळ्या लाटताना हे ऐकायची आणि लाटत राहायची.

मेडिसिनची ॲडमिशन हातात असताना उल्कानं ती सोडली आणि लंडनला हौसा शिकायला गेली. आमच्या लोकांत अशा बातमीला पाय फुटत नाहीत, चाकं फुटतात. मेडनहेड, रीडिंग, लीड्स, सगळीकडं एकाच आठवड्यात कळलं. आई म्हणाली, ‘शिकू दे. मला थोडी येते ती भाषा.’ एवढ्यावर विषय संपला, कारण विष्णूकाकांचा विनोद आला आणि सगळे हसले.

*

हौसा गद्याचा वर्ग चालायचा तो असा. ग्रेगरी, म्हणजे शिकवणारे सर, एक परिच्छेद मोठ्यानं वाचणार. मग विद्यार्थ्यांनी तो तोंडी इंग्रजीत करायचा. मग ग्रेगरी पेन्सिल कानामागून काढून म्हणणार, पुन्हा एकदा, हळू. पहिल्या वर्षी वर्गात चौघं होती. शेवटच्या वर्षी खोलीत दोन खुर्च्या उरल्या, एक ग्रेगरीची आणि एक उल्काची.

ते वाचायचे सोयय्याची पुस्तकं. सोयय्या म्हणजे प्रेम. कानोच्या बाजारात साबण आणि टॉर्चच्या सेलशेजारी मिळणारी, पातळ कागदाची, पाठीला दोन पिना मारलेली पुस्तकं. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्याही बायका. एक कादंबरी तीन-चार भागांत निघते आणि प्रत्येक भाग अशा जागी तुटतो की पुढचा घेतल्याशिवाय स्वयंपाक सुचू नये. मौलवी नाकं मुरडतात, मोठे लेखक तर त्याहून जास्त. ग्रेगरीला मात्र ती जीव की प्राण.

एक दिवस अशाच एका पुस्तकाच्या तिसऱ्या भागात लग्न आलं. दोन बायका नवरीच्या पुढ्यात कापड धरतात. पलीकडं नवरा. कापड खाली पडेपर्यंत कुणी कुणाला बघायचं नाही.

ग्रेगरी थांबला. हौसा लग्नात नवरी समोर नसतेच, तो म्हणाला. पुरुष मंडळी जमतात, लग्न लावतात, घरी जातात. मग हे कापड कुठून आलं?

‘मला माहितीये,’ उल्का म्हणाली. आणि तिनं लाराबाची गोष्ट सांगितली.

*

एका बाईच्या मुलीला ताप आला. हकीम झाले, धूप झाला, ताप उतरेना. बाई चिंचेखाली गेली. झाड म्हणालं, मला वजन नसलेलं काही दे. बाईजवळ काय असणार? तिनं मुलीची सावली गहाण ठेवली. ताप उतरला. मुलगी वाढली, पण घरातच. उन्हात गेली असती तर लोकांना कळलं असतं.

*

ग्रेगरीनं पेन्सिल खाली ठेवली. मिशनऱ्यांनी, साहेबांनी, नंतरच्या पंडितांनी जमवलेल्या कुठल्याही संग्रहात ही गोष्ट नव्हती. मग बाजारातल्या आणखी एका पुस्तकात तेच कापड सापडलं. दोन हजार तीन सालच्या पानगळीत उल्काचा पीएचडीचा विषय ठरला. सिद्धांत असा: हौसा खेड्यांत फार जुन्या काळी, इस्लामच्याही आधी, लग्नात कापड धरायची चाल असावी. चाल गेली, पण बायकांच्या तोंडच्या गोष्टींत उरली, आणि तिथून छापील पुस्तकांत उतरली. सगळ्याचा कणा म्हणजे लाराबा. ग्रेगरी ज्याला त्याला सांगायचा, या मुलीच्या डोक्यात जे आहे ते जगात दुसऱ्या कुठल्या लायब्ररीत नाही.

उल्का घरी फोन करायला लागली ती तेव्हापासून. आधी महिन्यातून एकदा, तोही आईनं केला तर. आता एकाआड एक दिवस. लाराबा कुठल्या गावची? दुपारी कुठं बसायची? गोष्ट सांगताना हातानं काही करायची का? आई आठवून आठवून सांगायची. खुर्ची ओढून फोनजवळ बसायची. पद्माकरराव चहा स्वतः करून घ्यायला शिकले.

एकदा उल्का रेकॉर्डर घेऊनच लीड्सला आली. संशोधनात साक्षीदार लागतो आणि दुसरा साक्षीदार नव्हता. त्या टेपवरचा एक तुकडा असा:

‘लाराबानं ही गोष्ट कुठून ऐकली, आई?’

(कुकरची शिट्टी.)

‘तिच्या आजीकडून असेल.’

*

मुलीचं लग्न ठरलं. ऐन दुपारचा मुहूर्त, अंगणात ऊन. दोघींनी नवरीपुढं कापड धरलं. नवरी कापडाच्या सावलीत उभी, म्हणून अजून कुणाला काही दिसलं नाही. पण कापड पडलं की ऊन पडणार, आणि ऊन पडलं की कळणार.

*

ऋचाचं लग्न, दोन हजार सहा सालचा मे, मेडनहेडचा तोच हॉल. ऋचा म्हणजे विष्णूकाकांची मुलगी, नवरा राजीव. मुहूर्त बँक हॉलिडे बघून काढलेला. प्रबंध एप्रिलमध्ये देऊन झाला होता, तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती आणि उल्का बऱ्याच वर्षांनी मोकळ्या मनानं साडी नेसली होती.

तिनं मराठी लग्न कधी पाहिलंच नव्हतं. ऐकायला खोटं वाटतं, पण हिशेब लावून बघा. कानोत आपली लग्नं नव्हती. भारतात जायचं ते शाळेच्या सुट्टीत, म्हणजे आषाढ-श्रावणात, तेव्हा मुहूर्त नाहीत. लीड्सला मैत्रिणीचं एक पंजाबी लग्न झालं होतं. बाकी सगळी रजिस्टरवाली, सही करा आणि पबमध्ये या.

भटजी स्लाउला आयटीत कामाला होते. त्यांनी माइकवरून सांगितलं, मामा लोकांनी पुढं या. नवरा एका पाटावर उभा राहिला. ऋचाला आणलं, दुसऱ्या पाटावर उभं केलं. आणि दोन मामांनी दोन टोकं धरून मधोमध पांढरं कापड ताणलं. वर कुंकवाचं स्वस्तिक.

हॉलच्या छताला एक काच होती. तिच्यातून ऊन सरळ कापडावर पडत होतं.

उल्काच्या मुठीत अक्षता होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली, शेजारचे लोक प्रत्येक सावधानला अक्षता टाकू लागले. तिची मूठ उघडली नाही. सगळ्यांची तोंडं नवरा-नवरीकडं होती. एक तोंड तेवढं इकडं होतं. पहिल्या रांगेतून आई मान वळवून तिच्याकडं बघत होती, नवरीकडं पाठ करून, आणि केव्हापासून बघत होती कोण जाणे.

कापड पडलं. वाजंत्रीची सीडी लागली.

*

हॉलच्या मागं गाड्या लावायची जागा होती. केटररची व्हॅन मागचं दार उघडून उभी, आत जिलब्यांची ताटं. आई तिथं आली ती पैठणीचा पदर खोचून. चपला बदललेल्या, पायात वॉर्डातले मऊ बूट.

‘व्हायवा पुढच्या महिन्यात आहे,’ उल्का म्हणाली.

‘माहितीये.’

‘मी टेपवर विचारलं होतं तुला. डायरेक्ट विचारलं होतं.’

‘मी “असेल” म्हटलं होतं.’

केटररचा माणूस आला, ताट घेऊन गेला.

मग आईनं सांगितलं. भांडणाच्या सुरात नव्हे, रुग्णाची हिस्टरी द्यावी तसं. ती संध्याकाळी वॉर्डातून यायची तेव्हा पोर लाराबाच्या मांडीवर असायची. उचलून घेतली की रडायची. औषधाचा, डेटॉलचा वास असेल. मग आईनं बायकांच्या वॉर्डात बसून हौसा शिकून घेतली, आजारी बायकांकडून. आणि स्वयंपाकघरात लाराबा भाजी निवडत असताना तिला ती गोष्ट शिकवली. रोज थोडी. स्वतः रचलेली. लाराबाला पाट कळेना, तिनं उखळ पालथं घातलं. कापड मात्र तिनं तसंच ठेवलं. तिला आवडलं होतं ते.

‘म्हणजे सगळं तूच.’

‘एवढी एकच. बाकीच्या तिच्या.’

‘मग तीन वर्षं बोलली का नाहीस?’

आई व्हॅनकडं बघत होती. ‘मला वाटलं तुझ्या सरांना कळेल. एवढी शिकलेली माणसं. कुणीतरी म्हणेल, अगं, हे तर तुमच्याकडचं.’

‘त्यांना कसं कळणार? तुला कळत होतं. तुला पहिल्या फोनपासून कळत होतं. मी चॅप्टर वाचून दाखवला तुला, तू म्हणालीस, छान झालाय.’

‘छानच झाला होता.’

‘आई.’

‘सांगितलं असतं तर फोन आला असता का तुझा?’ आई म्हणाली. आवाज चढला नाही. ‘तीन वर्षं मला विचारत होतीस, लाराबा काय सांगायची, लाराबा कशी बसायची. एकदा विचारायचंस ना, आई, तू काय सांगायचीस.’

‘तू घरी कधी असायचीस?’

हे वाक्य उल्कानं पूर्वीही म्हटलं होतं, पंधराव्या वर्षी, विसाव्या वर्षी. तेव्हा आई गप्प बसायची. आज बसली नाही.

‘दारात असायचे,’ ती म्हणाली. ‘गोष्ट संपायच्या वेळेला बरोबर पोचायचे. लाराबा बघायची माझ्याकडं. तुझी पाठ असायची.’

*

तळटीप, प्रकरण चौथे: या ठिकाणी सांगणारी थांबत असे आणि दाराकडे पाहत असे. हा हौसा कथनपद्धतीतला जाणीवपूर्वक विराम असून

*

परतीच्या ट्रेनमध्ये उल्काला रडू आलं नाही. फसवलेल्या माणसाला आधी रडू येत नाही, आधी तो मागं जाऊन एकेक वस्तू तपासतो. तिनं तपासली. लीड्सनं दिलेलं, रीडिंगनं दिलेलं, आईबापांनी दिलेलं, असं सगळं ती बाजूला सारत आली होती, कारण तिच्याजवळ एक वस्तू होती जी घरातली नव्हती. ती एकटीची होती. तिच्यावर तिनं मेडिसिन ओवाळून टाकलं, कितीतरी वर्षं लायब्ररीत घालवली. आणि ती वस्तू घरातच घडवून, दुसऱ्या बाईच्या तोंडात घालून, तिच्या हातात ठेवलेली निघाली. ठेवणारी दारात उभी राहून मजा बघत होती. मजा नसेल बघत. पण बघत तर होती.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती, तीही सांगायला हवी. खरं सांगितलं तर प्रबंध पडणार नव्हता. उलट मोठा होणार होता. बाजारातल्या त्या पुस्तकांत कापड आलं कुठून? लाराबाकडून. लाराबानं पुढं कुणाला सांगितली असेल, तिनं आणखी कुणाला, आणि शेवटी कानोच्या दोन लेखिकांनी ती छापली. हौसा गद्यात मराठी अंतरपाट. ग्रेगरी नाचला असता. फक्त मग पानापानावर आई आली असती.

ग्रेगरीला ईमेल लिहायला घेतली. विषय: स्रोताबद्दल. तो विषय स्क्रीनवर आठवडाभर राहिला, खाली काही आलं नाही. आईचे फोन आले, ते तिनं वाजू दिले.

*

परीक्षेला नायजेरियाहून प्राध्यापक रकिया आल्या होत्या. डोक्याला निळं वस्त्र, पुढ्यात प्रबंध, त्यात पिवळ्या चिठ्ठ्या. दुसरे परीक्षक इंग्रज, त्यांना हौसा बेताची. रकिया म्हणाल्या, सुरुवात गोष्टीनं करू. सांग मला ती, जशी ऐकलीस तशी.

‘गा ता, गा ता नान,’ उल्का म्हणाली.

‘ता झो मू जी ता,’ रकिया म्हणाल्या.

तिनं सांगितली. ताप, चिंच, गहाण सावली, पालथ्या उखळावर उभी नवरी, दोघींनी धरलेलं कापड. कापड पडायच्या आत आई धावत चिंचेकडं जाते. स्वतःची सावली देते, मुलीची सोडवून आणते. कापड पडतं. नवऱ्याच्या सावलीशेजारी नवरीची सावली नीट पडलेली. सगळे खुश. आणि अंगणाच्या कडेला एक बाई उभी आहे, उन्हात, तिच्या पायाशी काही नाही. नवरी विचारते, ती कोण?

इथं उल्का थांबली. आणि सवयीनं तिनं दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. त्यावर आगीच्या वेळी काय करावं याचा कागद चिकटवलेला.

रकियांनी पुढ्यातला प्रबंध मिटला. मग म्हणाल्या, माझ्या आजीचं गाव जुनं आहे. तुझा प्रबंध वाचून मी तिथं जाऊन आले. शेजारच्या गावांतही विचारलं. म्हाताऱ्या हसल्या मला. असं कापड कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलंही नाही. त्यांचा आवाज कडक नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं, आणि खरं सांगायचं दार त्यांनी पूर्ण उघडून धरलं होतं.

‘तुझ्याकडं ही गोष्ट कुठून आली?’

‘लाराबाकडून.’

‘आणि लाराबाकडं?’

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं. उल्काला आईचे ते मऊ बूट आठवले, डांबरावरचे. फोनवर ‘छान झालाय’ म्हणणारा आवाज आठवला. आता बोलली असती तर आई आत आली असती. मांडीपाशी, स्वयंपाकघरात, तळटिपेत, सगळीकडं एकदम. आणि लाराबाचं तोंड भाड्याचं झालं असतं.

‘तिच्या आजीकडून असेल,’ ती म्हणाली.

रकियांनी मान हलवली आणि एक पिवळी चिठ्ठी काढून मिटलेल्या प्रबंधावर ठेवली. पास. किरकोळ दुरुस्त्या.

*

संध्याकाळी तिनं लीड्सला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, म्हणजे खुर्ची ओढलेलीच होती.

पास झाले, तिनं सांगितलं. आईनं आत ओरडून सांगितलं, अहो, झाली. आतून पद्माकररावांचं काहीतरी ऐकू आलं. मग आईनं विचारलं, काय काय विचारलं.

‘गोष्ट कुणाची ते विचारलं.’

‘मग?’

‘लाराबाची म्हटलं.’

लीड्सच्या त्या घरात हॉलमध्ये एक घड्याळ आहे, ते ऐकू येत होतं.

‘हो,’ आई म्हणाली. ‘माझ्यापेक्षा छानच सांगायची ती.’

त्यानंतर उल्काला एकाआड एक दिवस फोन करायचं काही कारण उरलं नाही. दुरुस्त्या तिनं उन्हाळ्यात पुऱ्या केल्या. आभाराच्या पानावर ग्रेगरी आहे, लाराबा आहे, लायब्ररीतली माणसं आहेत. शेवटच्या ओळीत आईवडील आहेत, दोघं मिळून, एका शब्दात. तळटीप तशीच आहे.

पद्माकर आणि अलका यांचं लग्न शहात्तर सालच्या मे महिन्यात साताऱ्याच्या रजिस्ट्रार कचेरीत झालं; साक्षीदार बाहेरून बोलावले होते, आणि कापड धरायला कुणी आलं नव्हतं.